टिकली लावलेल्या कॅसेटी

आत्याबाई, मी कोण ते आठवतंय का, की तिकडे जाऊनही तुमचं तेच? इथे होतात तेव्हा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचात, आणि मला हाक मारायची तर आधी तुमच्या तिन्ही लेकींची नावं घेऊन मग माझ्यावर यायचात. घाईत असलात तर मधूनच परत फिरायचात, माझं नाव राहूनच जायचं. म्हणून ओळख सांगते. मी तुमची एकुलती सून. खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये एका स्टोव्हवर दोघींनी स्वयंपाक केला आणि स्टोव्हपेक्षा जास्त आपणच भडकलो, ती मी. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हालाही येत नव्हतं, म्हणून तर आपलं जमलं. हे लिहून घेतेय ती माझी सून. खराडीला कंपनीत आहे, काही दिवस जाते, काही दिवस इथे धायरीच्या घरूनच काम करते. आज तिची दुपारची मीटिंग रद्द झाली, तशी मी तिला कागद घेऊन बसवलं. सासूने आपल्या सासूला पत्र सांगायचं आणि सुनेने ते लिहायचं, म्हणून मघापासून हसतेय. 'आई, मला टोमणा मारायचा असेल तर सरळ मारा, त्यासाठी एवढं लिहायला लावू नका,' म्हणते. मी म्हटलं, तुझे टोमणे वेगळे काढून ठेवलेत, आधी हे लिही.

पत्र तक्रारीचं आहे. तुमचा लेक जेवत नाही. तुमचा विसराळूपणा आपण हसण्यावारी घालवला, तोच ह्यांच्याकडे आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं, आणि नाव मिळाल्यापासून कुणी हसलं नाही. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ता, मग माणसं. आता घास तोंडात धरून बसतात. गिळायचं असतं हे लक्षात येत नाही की गिळायचा नसतो, देव जाणे. (देव जाणे म्हटलं म्हणून रागावू नका, जीभ जुनी आहे.) थोड्या वेळाने घास हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवतात आणि म्हणतात, 'माय देईन तवा जेवीन.' पुण्यात सारं आयुष्य काढून जी बोली ह्यांनी फॅक्टरीच्या फाटकाबाहेर ठेवली होती, ती आता सगळी परत आलीय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव निघालं की तुमचा नातू गॅलरीत जाऊन उभा राहतो, पाठ आमच्याकडे करून. आणि मग घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. का बघतात ते सांगते, पण त्याआधी कॅसेटींचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही उमगणार नाही.

टेप आपल्या घरात तुमच्याच हट्टाने आला. जयंतीला विहारापुढच्या मांडवात कुणीतरी टेप लावला होता. त्यातून बाई गाताना ऐकून तुम्ही आधी मागे कापडाआड कोण बसलंय ते जाऊन बघून आलात. कुणीच नाही म्हटल्यावर घरी येऊन लेकाला बजावलंत, 'ते बाई मले घरात पाह्यजे.' ह्यांनी बदली झालेल्या एका जवानाकडून जुना टेप आणला, झाकण दोऱ्याने बांधलेला. आणि पहिली कॅसेट आणली ती जयंतीच्या गाण्यांची, निळ्या कागदाची. ही गाणी तुम्हाला नवी नव्हतीच. गावाकडे तुम्ही निंदणाला जाताना हीच म्हणायच्या, तुमच्या मागे बांधावरून हे उघड्या पायांनी चालायचे, असं ह्यांच्याकडूनच मी ऐकलंय. कॅसेट आली तशी पहाटे सगळ्या चाळीला जाग तुमच्या टेपने यायची. कामावर जायची ज्यांना घाई ते खूश, दुसऱ्या पाळीवरून येऊन झोपलेले भिंतीवर बुक्के मारायचे. तुम्हाला वाटायचं ते ताल धरताहेत.

पुढे कॅसेटी वाढल्या आणि आपल्या दोघींची पंचाईत झाली. दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटीवर चित्र नसायचं, सगळ्या डब्या सारख्या पांढऱ्या. ह्यांनी पेनाने नावं लिहिली होती, ती आपल्याला मुंग्यांच्या रांगेसारखी. मग मामंजी गेले. त्या वर्षापासून तुम्ही कपाळाला टिकली लावणं सोडलंत. विहारात सांगायचे, असलं काही मानायचं नाही, धम्मात बसत नाही. शेजारणीही म्हणाल्या, लावा हो, कोण काय म्हणतंय. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत, मान डोलावलीत आणि लावली नाहीत. एका दुपारी मी गिरणीतून दळण घेऊन आले, तर तुम्ही टिकल्यांची पाकिटं पसरून जमिनीवर बसलेल्या, आणि एकेका कॅसेटीला टिकली लावत होतात. 'काय करून राहिल्या आत्याबाई?' मी तुम्हाला चिडवायला तुमच्याच बोलीत विचारलं. तुम्ही मान वर केली नाहीत. 'माहं कपाळ रिकामं झालं, मंग ह्या काहून वाया घालू? लाल जयंतीची. हिरवी कव्वालीची. चंद्रकोर वंदनेची. पिवळी सिनेमाची. नीट ध्यानात ठेव वं, मी तं इसरते.' मी ठेवलं. अजून आहे. तुमच्यामागे ज्या कॅसेटी आल्या त्यांना मी माझ्या टिकल्या लावल्या. रिटायर झाल्यावर हे गॅलरीत बसून गझला ऐकायला लागले, त्या कॅसेटीला खड्याची. गझल ह्यांना कळायची असं नाही. पण हातात चहाचा कप आणि समोर टेकडी असली की कळल्यासारखं तोंड करता येतं.

लाल टिकलीच्या कॅसेटीची फीत तोडलीत तुम्ही आणि नाव घेतलंत माझं, हे आता तरी कबूल करा. दोन बटणं एकदम दाबलीत, आत फितीचा शेवयांचा गोळा झाला, तो तुम्ही कात्रीने सोडवलात! ह्यांनी फीत सेलोटेपने जोडली, पण मधला तुकडा गेला तो गेलाच. तेव्हापासून त्या गाण्यात बाई एका ओळीच्या मध्यावर येते आणि तिथून उडी मारून पुढच्या कडव्यात पडते. आपल्या घरात सगळे त्या जागी उडी मारूनच गायचे. तुमचा नातू त्या उडीतच मोठा झाला. जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवर गायला उभा राहिला आणि त्या जागी त्याने उडी मारली. तो पुढच्या कडव्यात, पेटीवाला मागच्याच ओळीत, ढोलकीवाला दोघांकडे बघतोय. लोक हसले. तो घरी येऊन रडला की गाणं पेटीवाल्यालाच येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, 'बरोबर हाय. आपल्या घरचं गाणं त्याले कसं येईन?'

आता हिरवी टिकली. ही माझी आवडती, म्हणून तुम्ही ती मुद्दाम सगळ्यांत खाली ठेवायचात. कव्वालीचा सामना, एकीकडे गडी माणसाची पार्टी, दुसरीकडे बाईची. तो सवाल टाकणार, ती उत्तर देणार, वर उलटा सवाल टाकणार. मी तेव्हा नुकती मोकळेपणाने बोलायला लागले होते. हे फॅक्टरीतून आले की सायकल लावता लावताच गड्याचा सवाल म्हणायचे, मोठ्याने, आणि मी आत पोळ्या लाटता लाटता बाईचं उत्तर द्यायचे. एरवी ह्यांच्याशी तुमच्यासमोर बोलायला मला लाज, पण कव्वालीतून काहीही बोलता यायचं. 'फार बोलता, आधी पाणी भरा' हेही मी त्या चालीवर म्हटलंय. तुम्ही पोळी भाजता भाजता म्हणायच्या, 'अवं, बाई जिंकली तं पोया करपते.' पण बाईचं उत्तर आलं की तुमचं उलथणं थांबायचं, ते मी बघितलेलं आहे.

चंद्रकोरीचं सांगायचं नव्हतं. पण सून म्हणते, सांगा. आपली थोरली, माझी पहिली लेक. चालायला नुकती लागली होती, ताप आला आणि तापातच गेली. तुम्हाला हे आठवत असेल, हे विसरण्यातलं नाही. घरात टेप बंद झाला. शेजारच्यांनीही रेडिओचा आवाज बारीक केला, एवढं चाळीला कळायचं. आणि मग एके सकाळी तुम्ही मला न विचारता चंद्रकोरीची कॅसेट लावलीत आणि तांदूळ निवडत बसलात. वंदना चालू, तुम्ही खडे काढताय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटायचं, उठावं आणि तो टेप मोरीत टाकावा. किती सकाळी गेल्या आठवत नाही. एक दिवस बाजू संपली, बटण खटकन वर आलं, आणि मीच उठून कॅसेट उलटली. तुम्ही सुपातून नजर न काढता म्हणालात, 'भाजी कोनती करू?'

तर असं ते सगळं एका बिस्किटाच्या डब्यात होतं. डॉक्टर म्हणाले, ह्यांना त्यांच्या तरुणपणची गाणी ऐकवा, माणूस कधीकधी गाण्याला धरून परत येतो. तुमच्या नातवाने लगेच फोनवर सगळी शोधून काढली आणि एक डबीएवढा स्पीकर आणला. जयंतीचं गाणं लावलं. हे ऐकताहेत, मांडीवर बोटं वाजवताहेत, मला वाटलं, आले. आणि ती तुटकी जागा आली. फोनमधली बाई उडी न मारता सरळ पुढे गेली, मधला आख्खा तुकडा म्हणत. ह्यांची बोटं थांबली. 'हा मधात कोन घुसला?' ओरडायलाच लागले. 'काढा त्याले बाहेर!' नातू म्हणतो, बाबा, हे पूर्ण गाणं आहे, ओरिजिनल. आता त्यांना ओरिजिनल काय सांगतोस! मी डबा काढला. टेप दुरुस्त करून आणायला लावला. लाल टिकलीची कॅसेट घातली, बाईने उडी मारली आणि तुमच्या लेकाने तिच्याबरोबर उडी मारली, एका दमात. हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, 'मायने फीत तोडली आणि नाव तुझं घेतलं, काय?' आत्याबाई, इतक्या वर्षांनी निकाल माझ्या बाजूने लागला. त्या दिवशी ह्यांना सगळं माहीत होतं. मी कोण, तुम्ही कोण, गाणं कुठलं.

मला वाटलं, सापडलं औषध. रोज दुपारी एक कॅसेट. आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं की कॅसेटी मरताहेत. पहिली खड्याची गेली. गझल लागली आणि हे कुणा परक्याच्या घरचा रेडिओ ऐकावा तसे बसून राहिले. रिटायर होणं, धायरीचं घर, गॅलरी, टेकडी, सगळं त्या एका दुपारी बाहेर गेलं. घर कुणाचं म्हणून विचारायला लागले. मग पिवळी गेली. ती सिनेमाची, तुमच्या नातवाला पुढे उभा करून आणि मला मागे बसवून स्कूटरवरून फिरायला न्यायचे, त्या दिवसांतली. त्यानंतर मुलाला 'साहेब' म्हणायला लागले. तो औषध देतो म्हणून कंपाउंडर समजतात. कॅसेट ओळखेनाशी झाली की तेवढी वर्षं गेली, असा हिशेब मी बसवला, आणि मग टेपचं बटण दाबायला माझा हात धजेना. सून म्हणाली, 'आई, नका लावू मग.' पण न लावता राहवतही नाही. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते ना, तसं.

चंद्रकोर लावली तेव्हा शांत ऐकली. डोळे मिटून. संपल्यावर हळूच विचारलं, 'कोन वारलं?' मी म्हटलं, कुणी नाही. काय सांगणार होते? ते दुःख आम्ही दोघांनी दोन टोकांना धरलं होतं, ओलं लुगडं पिळताना धरतात तसं. त्यांनी त्यांचं टोक सोडलं. बरं झालं, सुटले. पण ओझं सगळं माझ्या हातात आलंय, आणि त्या पोरीचा चेहरा आठवणारी मी आता एकटी उरले. तुम्ही असतात तर तुमच्याकडे एक टोक दिलं असतं.

राहिली हिरवी. ती मी किती दिवस लावलीच नाही. मग एकदा लावली. गड्याचा सवाल आला तसे हे ताठ बसले आणि त्याच्याबरोबर गायले, आवाज फाटका पण ठेका पक्का. आणि सवाल संपवून थांबले. मान थोडी स्वयंपाकघराकडे वळवून, पूर्वी थांबायचे तसे. मी टेप बंद केला आणि उत्तर दिलं. स्वतः, ह्या वयात, दाराला धरून. पूर्ण म्हटलं, उलट्या सवालासकट. ह्यांनी मन लावून ऐकलं आणि हात जोडले. 'बाई, आवाज छान आहे हो आपला. आपण कुठं गाता?' आत्याबाई, लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या माणसाने मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. नंतर म्हणाले, 'आता उशीर झाला, आपल्या घरचे वाट बघत असतील.' पुण्यातल्या दुकानदारानेही मला इतक्या आदराने कधी घालवून दिलं नाही.

आता फक्त लाल उरली. ती काही माझी नव्हेच. ती तुमची. ती लागली की हे बांधावरून उघड्या पायांनी चालत असतात, पुढे तुम्ही असता आणि मी अजून तुमच्या कुणाच्या स्वप्नातही नसते. तिथून ते हाक मारतात, 'माय, भूक लागली वं.' आणि इकडे खोलीत माझ्याकडे बघत असतात. पांढरे केस, नऊवारी नाही पण पदर डोक्यावर, तुमच्यासारखीच बसण्याची खोड. आम्ही दोघी दिसायला काही एकसारख्या नव्हतो हो, तुम्ही उंच, मी ही अशी. पण म्हातारपण सगळ्यांना एकाच साच्यात घालतं. म्हणून घरातले माझ्या तोंडाकडे बघतात. मी 'हो' म्हटलं तर हे जेवतील.

तुमचा नातू म्हणाला, 'आई, नुसतं हो म्हणायचंय. त्यांना बरं वाटेल.' मी म्हटलं, 'तुला सोपं वाटतंय. सांग तुझ्या बायकोला तुझी आई व्हायला.' तर ही जी लिहितेय ना, ती म्हणाली, 'मला फार काही बदलावं लागणार नाही आई. आत्ताही ह्यांचा डबा, मोजे आणि औषधं मीच बघते.' हसलो सगळे. पण माझं अडलं कुठे होतं, ते त्यांना सांगता आलं नाही, तुम्हाला सांगते. ह्यांच्या डोक्यात त्यांची बायको आता नाही. हे मला मान्य आहे. पण समोरच्या खुर्चीत तरी ती रोज बसलेली असते. कुणी तिला ओळखत नाही, तरी बसलेली असते. मी उठून तुमच्या जागी गेले की ती खुर्ची रिकामी. मग ह्यांची बायको ह्या जगात कुठेच नाही. आणि ते मीच करायचं, माझ्या हाताने, माझ्या तोंडाने. नळीने निदान तेवढं तरी मला करायला लावलं नसतं. असंही मनात आलं. येऊ नये ते आलं.

परवा ह्यांनी कण्या मागितल्या. 'माय, कण्या कर नं. आंबाडी घालून.' पुण्यात आल्यापासून हे नाव ह्यांनी घरात काढलं नव्हतं. ज्वारीच्या कण्या म्हणजे गरिबीचं खाणं, डब्यात नेलं तर चारचौघांत लाज वाटायची ह्यांना. तुम्ही गुपचूप करून खायच्या आणि वास जावा म्हणून खिडकी उघडायच्या. मी सुनेला घेऊन भाजीवाल्याकडे गेले, आंबाडीची जुडी आणली. कण्या शिजायला ठेवल्या. सून म्हणाली, युट्यूबवर बघू का? मी म्हटलं, बघ, पण मला सांगू नकोस. तुमचा हात आठवून केल्या, तिखट जास्त, लसूण ठेचून, वरून कच्चं तेल.

काल दुपारी वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसले. लाल कॅसेट चालू होती. मुलगा आणि सून दारात. मी घास पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं नाही. माझा चेहरा बघत राहिले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जत्रेत हरवलेलं पोर माणसं तपासतं तसे. 'माय, तूच हायेस नं?' टेपमधली बाई उडीच्या जागेकडे येत होती. मला वाटलं, उडी झाल्यावर सांगू. पण उडी झाली, हे तिच्याबरोबर गायले नाहीत. माझ्याच उत्तरासाठी थांबले होते. 'हो रे बाप्पा,' मी म्हटलं. 'मीच. खा.' आवाज माझाच होता, पण तुमच्यासारखा निघाला, खोटं नाही. त्यांनी तोंड उघडलं. गिळलं. पुन्हा उघडलं. वाटी रिकामी होईपर्यंत मी भरवत होते आणि माझ्या डोळ्यांना काही नीट दिसत नव्हतं, तर एक घास ह्यांच्या गालाला लागला. ते म्हणाले, 'अवं माय, तोंड इकडं हाय.' दारात मुलगा हसला की हुंदका दिला, पाठ फिरवली त्याने, त्यामुळे कळलं नाही.

खाऊन झाल्यावर तोंड पुसून दिलं. मग माझा पदर धरून त्यांनी मला जवळ ओढलं, कानाशी, पोरं चहाडी सांगतात तसं. म्हणाले, 'माय, इथं एक बाई येते. समोर बसते. गाते बी चांगली.' मी म्हटलं, 'असं का? कोण रे ती?' 'मालूम नाही. पन चांगली हाय.' पदर अजून मुठीतच. 'तिले कोनी जेवा म्हनत नाही. मी पाह्यलं. तू तिले जेवू घाल नं.'

आत्याबाई, सून लिहायची थांबलीय. मी म्हटलं, लिही ग, पोस्टात टाकायचं नाही, अक्षर वाकडं आलं तरी चालतं. कागद घडी घालून माझ्या उशीच्या अभ्र्यात राहील, तुम्हाला वाचता येत नाही आणि मलाही, तेव्हा कुठेही ठेवला तरी सारखाच. एक सांगायचं राहिलं. काल मी खरंच जेवले नव्हते. त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

तर तुमच्या लेकाचा निरोप तुम्हाला कळवला. त्याच्यासाठी काही पाठवू नका, त्याचं मी बघेन, तुमच्या आवाजात बघेन. त्या समोर बसणाऱ्या बाईसाठी मात्र पाठवा. लाखोळीच्या डाळीचे वडे करा, जाडसर वाटून. कोरडे नकोत, माझे दात आता नुसते शोभेचे आहेत, म्हणून कढीत सोडून पाठवा. कढी आंबट हवी. आणि मिरची जरा हात आवरून घाला.